कर कोण भरतो?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. करमाळा तालुक्यातल्या एका गावात आमचा रात्रीचा वर्ग भरतो. देवळाच्या ओवरीत. दिवसभर रानात राबलेली माणसे जेवणे उरकून येतात. कुणी पाटी आणते, कुणी वही. त्या रात्री वाचायला वर्तमानपत्राचा एक तुकडा होता. एका आजोबांनी अक्षराला अक्षर जोडून तो वाचला. त्यात लिहिले होते, की आपल्या देशात प्राप्तिकर भरणारी माणसे थोडीच आहेत.

पायरीवर एक तरुण बसला होता. पुण्याला कंपनीत नोकरी करतो. सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "म्हणजे बाकीचे सगळे फुकटेच की! आमच्या पगारातनं कर कापायचा, आणि बाकीच्यांनी बसून खायचं."

ओवरीत सगळे गप्प झाले. मग ज्वारी काढायला मजुरीने जाणाऱ्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "गुरुजी, मी फुकटी हाय का हो?"

त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. मी हेडमास्तर म्हणून नोकरी केली, पगारातून कर कापून घेतला, पण कराचा सगळा हिशेब मीही कधी मांडला नव्हता. मग तो मांडायला बसलो. हा धडा त्या मावशींसाठी लिहिला आहे.

पहिल्याने मावशींचाच हिशेब घेऊ.

सरकार कर दोन वाटांनी घेते. एक वाट सरळ असते. माणसाच्या कमाईवर कर लावतात आणि तो त्याच्याकडूनच घेतात. त्याला प्राप्तिकर म्हणतात. लोक इन्कम टॅक्स म्हणतात. दुसरी वाट दुकानातून जाते. वस्तूच्या किमतीतच कर मिसळलेला असतो. दुकानदार तो तुमच्याकडून घेतो आणि सरकारात भरतो. १ जुलै २०१७ पासून हा कर वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, या नावाने चालतो.

मावशींकडे साधा मोबाईल आहे. लेक सासरी असते, तिच्याशी बोलायला तो लागतो. त्यात २०० रुपयांचे रिचार्ज मारले, तर त्यातले साधारण साडेतीस रुपये कराचे असतात. कारण मोबाईलच्या सेवेवर शेकडा १८ कर आहे. अंगाच्या साबणावरही आधी शेकडा १८ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेकडा ५ झाला. बिस्किटाच्या पुड्याचेही तसेच. कुंकवाला मात्र कर नाही. केमच्या कुंकवाच्या कारखान्यांना आणि आपल्या कपाळाला तेवढी सूट आहे! डिझेल जीएसटीत येत नाही, पण त्याच्यावर केंद्राचा वेगळा कर आणि राज्याचा वेगळा कर. जीपने बाजाराला गेलात, की भाड्यात तोही आलाच.

तेव्हा मावशी फुकट्या नाहीत. त्या रोज कर भरतात. पावती मिळत नाही, एवढेच.

आता दुसरी बाजू बघा. मोठ्या शहरातला कोट्यधीशही २०० रुपयांचे रिचार्ज मारतो. त्यालाही साडेतीस रुपयेच कर पडतो. मावशींची दिवसाची मजुरी आणि त्याची दिवसाची कमाई शेजारी शेजारी ठेवून बघा. रुपये सारखे, पण ओझे सारखे नाही.

हे ओझे सारखे व्हावे, म्हणून प्राप्तिकर निघाला. आपल्याकडे तो १८६० साली इंग्रजांनी आणला. सत्तावनच्या बंडात त्यांचा खजिना रिकामा झाला होता. त्यांनी आणला तो त्यांच्या गरजेपोटी. पण त्यातले तत्त्व चांगले होते. ज्याला जास्त मिळते, त्याच्याकडून घ्यावे. ज्याला पोटापुरते मिळते, त्याला सोडावे.

आपल्या गावच्या यात्रेच्या पट्टीवरून बघा. पट्टी कशी बसवायची, यावर दरवर्षी तंटा होतो. एक जण म्हणतो, घराला सारखी बसवा. दुसरा म्हणतो, कमाई बघून बसवा. समजा, एकाच्या घरात १० पोती ज्वारी आली, दुसऱ्याच्या घरात १०० पोती. दोघांकडून दहात एक घेतले. पहिल्याने १ पोते दिले, दुसऱ्याने १०. दर सारखा झाला. पण पहिल्याच्या घरात वर्षाला ९ पोती लागत असतील, तर आता पेरायला दाणा उरला नाही. दुसऱ्याच्या घरात ९० पोती आहेत. त्याला १० पोती गेल्याचे फारसे जाणवतही नाही. म्हणून प्राप्तिकरात पायऱ्या केल्या आहेत. खालच्या पायरीला काही नाही. वर चढेल तसा दर वाढतो.

२०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत ज्याची कमाई १२ लाखांपर्यंत आहे, त्याला प्राप्तिकर पडत नाही. त्याच्यावर गेले, की पहिले ४ लाख सोडून पुढच्या प्रत्येक ४ लाखांना शेकडा ५, १०, १५, २०, २५ असा दर चढतो. २४ लाखांच्या वरच्या कमाईला शेकडा ३०. कमाई ५० लाखांच्या वर गेली, की करावर अधिभार म्हणून आणखी कर. आणि सगळ्याच्या वर शेकडा ४ उपकर.

कागदावर हे न्यायाचे दिसते. आणि हेही सांगितले पाहिजे, की देशात प्राप्तिकराचा जो पैसा जमा होतो, त्यातला मोठा भाग वरच्या थोड्या लोकांकडूनच येतो. श्रीमंत काहीच भरत नाहीत, असे म्हणणे खोटे आहे. पुण्याहून आलेल्या पोराचेही खोटे नव्हते. त्याच्या हातात पगार येण्याआधीच कर कापला जातो. त्याला लपवायला जागा नाही.

पण श्रीमंतीचे प्रकार असतात. मी तीन माणसांचा हिशेब मांडला. ही माणसे खरी नाहीत, हिशेब खरा आहे. तिघांनाही वर्षाला खर्च वजा जाऊन १ कोटी रुपये मिळतात.

पहिला डॉक्टर. स्वतःच्या कामाचे १ कोटी. त्याला २०२५-२६ च्या दरांनी साधारण साडेएकोणतीस लाख रुपये कर पडतो.

दुसऱ्याने कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवले होते. वर्षापेक्षा जास्त काळ ठेवले, मग विकले. नफा १ कोटी. दुसरी कमाई नाही. शेअरच्या अशा नफ्याला वेगळा दर आहे. पहिले सव्वा लाख माफ, वर शेकडा साडेबारा. अधिभार आणि उपकर धरूनही त्याला साधारण साडेतेरा लाख पडतात. डॉक्टरच्या निम्मेसुद्धा नाहीत. २४ लाख कमावणारा दुकानदार शंभराला १३ रुपये देतो. हा १ कोटीवाला शंभराला साडेतेरा देतो. आठ आण्यांचा फरक! आणि २००४ ते २०१८ या काळात बाजारात विकलेल्या अशा शेअरच्या नफ्यावर प्राप्तिकर मुळी नव्हताच.

तिसरा केळीचा बागाईतदार. त्याला प्राप्तिकर शून्य.

हे मी वर्गात फळ्यावर लिहिले, तेव्हा ओवरीत कुजबूज सुरू झाली. कारण तिसऱ्या जातीची माणसे आपल्या ओळखीची. डॉक्टर शहरातला, शेअरवाला मुंबईचा. केळीवाला मात्र उजनीच्या काठावरचा, आपला सोयरा. एकदम १ कोटी कमावणारे आपल्याकडे मोजकेच असतील. पण १२ लाखांच्या वर जाणारे आता अगदीच दुर्मिळ नाहीत. कंदरची केळी परदेशी जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शेतीला ही माफी कुठून आली? इंग्रजांनी १८८६ च्या कायद्यात शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून वगळले, कारण शेतकऱ्याकडून ते शेतसारा घेतच होते. आणि तो सारा फार जाचक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात गेले. अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी हीच गोष्ट मांडली. प्राप्तिकर कमाई झाली तरच द्यावा लागतो, आणि थोड्या कमाईला तो माफ असतो. शेतसारा मात्र एक एकरवाल्यालाही आहे आणि जहागीरदारालाही आहे. पीक बुडाले तरी आहे. हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. त्यांचे म्हणणे होते, की माणसाची ऐपत बघून कर घ्या.

आज शेतसारा नावापुरता उरला आहे. गरीब शेतकऱ्याच्या मानेवरून ते जोखड उतरले, हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर मोठ्याच्या मानेवरचेही सगळेच उतरले.

राज्यघटनेने शेतीच्या कमाईवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे, दिल्लीला नाही. १९७२ साली डॉ. के. एन. राज यांच्या समितीने मोठ्या शेतीवर कर कसा बसवावा, याची योजना दिली. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते. त्यांनी १९७३ साली एक अर्धे पाऊल टाकले. ज्याची शेतीही आहे आणि दुसरी कमाईही आहे, त्याच्या दुसऱ्या कमाईचा दर ठरवताना शेतीची कमाई मोजायची. म्हणजे तो वरच्या पायरीवर धरला जातो. पण शेतीच्या कमाईवर कर नाहीच. ही रीत पुढे टिकली. ज्याची फक्त शेती आहे, त्याला तीही लागत नाही.

याचा फायदा कोण घेतो? जे कधी रानात उतरले नाहीत, तेसुद्धा घेतात. धंद्यातला पैसा शेतीतला म्हणून दाखवला, की कर वाचतो. केंद्राच्या महालेखापालांनी २०१९ सालच्या अहवालात शेतीच्या उत्पन्नाची माफी दिलेली प्रकरणे तपासली. पाचांत एकाहून जास्त प्रकरणांत पुरेशी कागदपत्रे न बघताच माफी दिलेली सापडली. तुमच्या आमच्या नावावर मिळणारी सवलत दुसराच खाऊन जातो, ती अशी.

त्या रात्री वर्गात एक बागाईतदार अण्णाही होते. नातवाला न्यायला आले होते, ऐकत उभे राहिले. ते रागावले.

"गुरुजी, तुम्ही पगारवाले. तुम्हाला महिन्याच्या महिन्याला मिळतंय. आमच्या केळीला एक वादळ आलं, की सगळी बाग आडवी. भाव कोसळला, तर तोडणी परवडत नाही. आणि एकदा का सरकार बांधावर आलं, की मोठ्याचं नाव घेऊन लहानाच्या घरात शिरंल. ते चालंल तुम्हाला?"

अण्णांच्या बोलण्यात तथ्य होते. शेतीची कमाई मोजणे अवघड आहे. एका वर्षी भरपूर, दुसऱ्या वर्षी शून्य. वह्या नाहीत, पावत्या नाहीत. माणूस कागदाला भितो, आणि भीती दाखवून चार पैसे उकळणारेही असतात. लहान शेतकऱ्याच्या दारात नवा साहेब नको, हे मलाही मान्य आहे.

पण मी अण्णांना म्हटले, "अण्णा, प्राप्तिकर नफ्यावर असतो. बाग आडवी झाली, तर नफा नाही आणि करही नाही. तोटा झाला, तर धंदेवाल्याला तो पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा करता येतो. तसा तुम्हालाही करू द्यावा. आणि मर्यादा नोकरदाराला १२ लाखांची असेल, तर शेतकऱ्याला तीच ठेवावी, हवी तर आणखी वाढवावी. या ओवरीतल्या एकाच्या तरी घरी तो साहेब येईल का?"

ओवरीतली माणसे हसली. अण्णा हसले नाहीत.

मग मी आणखी एक गोष्ट बोललो. ती बोलताना मला जड गेले, कारण अण्णा माझे लहानपणचे मित्र. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. ते सरकारी पैशाने बांधले, म्हणजे साबणाच्या आणि कापडाच्या करातूनही बांधले. भीमेकाठची गावे त्यासाठी उठली. लोक घरे, विहिरी, देवळे पाण्यात सोडून माळावर गेले. त्या पाण्यावर ज्यांची केळी पिकली, त्यांनी कष्ट केले यात शंका नाही. पण पाणी सगळ्यांच्या पैशाने आले. मुंबईच्या शेअरवाल्याचेही तसेच आहे. रस्ते, बंदर, वीज, शिकलेली माणसे, हे काही त्याच्या बापाने बांधून ठेवले नव्हते.

"मग दर वाढवा ना मोठ्यांचा!" पुण्याचा पोरगा म्हणाला. "शंभरातले नव्वद घ्या!"

तेही करून झाले आहे. यशवंतरावांच्याच काळात, १९७१ पासून काही वर्षे, २ लाखांच्या वरच्या कमाईला अधिभारासह शेकडा ९७ रुपये ७५ पैसे कर होता. वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये माणसाच्या हातात राहायचे. झाले काय? श्रीमंतांनी कमाई दाखवणेच सोडले. काळा पैसा वाढला. सरकारने नेमलेल्या वांछू समितीनेही सांगितले, की इतका चढा दर हे करचुकवेगिरीचे मोठे कारण आहे. १९७४ साली यशवंतरावांनी तो दर शेकडा ७७ वर आणला. कागदावर दर चढवला, म्हणून तिजोरीत पैसा येतोच असे नाही.

माझ्या मते दुखणे दरात कमी आणि दारांत जास्त आहे. पगाराला एकच दार आहे, त्यावर कुलूप आहे. पैशावर पैसा मिळवणाऱ्याला चार दारे आहेत. त्याचे शेअर वाढत गेले आणि त्याने विकलेच नाहीत, तर वाढीवर कर नाही. तो मेला आणि सगळे मुलाला मिळाले, तरी कर नाही. पूर्वी होता. १९५३ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना मोठ्या वारशावर कर बसला. तो १९८५ साली उठला. १९५७ साली संपत्ती कर आला. त्यातून हाती थोडे लागते आणि कटकट फार होते, म्हणून २०१५ च्या अंदाजपत्रकात तोही काढला, आणि त्याच्या जागी १ कोटीच्या वर कमावणाऱ्यांचा अधिभार वाढवला. पण अधिभार कमाईवर असतो. बापाची माडी नुसती उभी असेल, तर तिला तो लागत नाही.

आता एक कर असा सांगतो, की जो माझ्या काळजाजवळचा आहे. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आई आणि दादा खडी फोडायला जात. सुट्टीत मीही जाई. घमेले उचलून उचलून हाताची सालपटे निघत. दुपारी सुकडी मिळे, आणि रेशनला लाल मिलो. त्या मजुरीवर आमचे घर जगले. नाहीतर मी मॅट्रिकही झालो नसतो. पुढे वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेने महाराष्ट्रात मागेल त्याला काम मिळू लागले. त्याला पैसा हवा होता. म्हणून १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यापाऱ्याने द्यायचा, आणि खेड्यातल्या उपाशी माणसाच्या हाताला काम द्यायचे. २००५ साली देशभर रोजगार हमीचा कायदा झाला, तो याच वाटेने.

नोकरी लागल्यावर माझ्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. मला कधी वाईट वाटले नाही. मी कुणाचे तरी फेडत होतो. पण त्या करातली एक गोष्ट मला आजही खटकते. घटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. महिना १०,००० च्या वर पगार गेला, की शिपायालाही वर्षाला २,५०० रुपयेच पडतात. (बायांना २०२३ पासून २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे.) आणि महिना २० लाख घेणाऱ्या मोठ्या साहेबालाही २,५०० रुपयेच! शाळेतला शिपाई आणि कंपनीचा मोठा साहेब एका तराजूत. चांगल्या कामासाठी काढलेला कर, पण पट्टी मात्र घराला सारखी.

हे सांगून झाले, तेव्हा रात्र बरीच झाली होती. अण्णा जाता जाता म्हणाले, "गुरुजी, आधी त्या शेअरवाल्याला धरा. मग माझ्याकडं या."

मी म्हटले, "तोही असंच म्हणत असेल, अण्णा. आधी त्या केळीवाल्याला धरा."

त्यावर अण्णा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या रात्री ते वर्गाला परत आले. नातू बरोबर नव्हता.

मावशींनी त्या रात्री किराणा दुकानातले एक छापील बिल आणले होते. त्यावर 'सीजीएसटी' आणि 'एसजीएसटी' असे दोन आकडे होते. पहिला केंद्राचा वाटा, दुसरा राज्याचा. दोन्ही सारखे असतात. मावशींनी ते आकडे पाटीवर उतरवले, आणि बेरीज केली. एक हातचा चुकला, तो शेजारच्या बाईंनी दाखवला. पुण्याचा पोरगा तोवर परत गेला होता. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, ह्ये बिल ठेवून द्या. त्यो दिवाळीला येतोय."

तुम्हीही पुढच्या वर्गाला येताना एक छापील बिल घेऊन या. बेरीज आपण फळ्यावर करू.